कानाला लावला की उचलणारा फोन

मोबाईलच्या दुकानात किस्से साचतात याचं कारण अगदी साधं आहे. जुन्या फोनमधलं सगळं नव्या फोनमध्ये टाकायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ गिऱ्हाईकाच्या हातात फोन नसतो. दोन्ही फोन माझ्या काउंटरवर शेजारी शेजारी पडलेले, टक्के मुंगीच्या पावलानं सरकायलेत, आणि गिऱ्हाईक स्टुलावर रिकाम्या हातानं बसलेलं. अशा वेळी माणूस बोलतो. बायकोला सांगितलं नाही तेही मला सांगून जातो.

सेलूत माझं हे दुकान लय वर्षांपासून आहे. गिऱ्हाईक येतं-जातं, पण तिघं कायमचे. रिपेरिंगच्या टेबलावर रफिकभाई. शेजारच्या किराणा दुकानाचे शिवाप्पा, जे स्वतःच्या दुकानापेक्षा माझ्याकडं जास्त बसतात. आणि निवृत्त वकीलसाहेब, कारण त्यांच्या घरी पेपर आधी सून वाचते.

खालचे किस्से दोन मोबाईल कंपन्या पेटंटवरून कोर्टात भांडत होत्या, त्या दिवसांतले. कंपन्यांची नावं सांगणार नाही. मला दोघींचाही माल विकायचाय.

* * *

आधी दत्तराव सांगतो. दत्तराव माझ्या वर्गातला. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. एका हंगामात मशीननं त्याच्या दोन्ही हातांची बोटं घेतली, तळवे तेवढे राहिले. घरात बसेल असं सगळ्यांना वाटलं. हा पठ्ठ्या दोन महिन्यांत बाजार समितीच्या गेटवर जाऊन उभा राहिला आणि कापसाच्या गाड्या लावून द्यायचं काम धरलं. बोरीकडचा, जिंतूरकडचा शेतकरी त्याला फोन करणार, इतका कापूस आहे, टेम्पो पाठवा. हा ड्रायव्हर गाठून देणार. सगळा धंदा फोनवर. दुसऱ्या रिंगला उचलला नाही तर शेतकरी दुसऱ्याला लावतो.

फोन लावणं सोपं होतं. नाव घेतलं की फोन आपला आपण लावतो. उचलायची पंचाईत. दोन्ही तळवे फोन धरण्यात गुंतलेले, मग स्क्रीनवर बोट कुठून आणायचं? दत्तराव चहाच्या टेबलावर फोन ठेवायचा आणि वाकून नाकानं उचलायचा. सर्दी झाली की स्क्रीन ऐकायची नाही आणि धंदा बंद.

मग एका कंपनीचा असा फोन आला की रिंग वाजताना कानाला लावला की आपोआप उचलला जायचा. मी दत्तरावाला बोलावून घेतलं. माझ्या फोनवरून त्याला रिंग दिली. त्यानं दोन तळव्यांत फोन धरून कानाला लावला आणि माझा आवाज ऐकून नुसता बघत राहिला.

"परत लाव," म्हणाला. मी परत लावला. असं सात वेळा झालं.

मी म्हटलं, "आता घरी वैनी हायेत, गेटवर पोरं हायेत, कुणीबी उचलून दिला असता की."

"न्हाई बाळू. फोन मीच उचलनार. दुसऱ्यानं उचलला की लोक काम त्यालाच सांगतेत."

मला लय बरं वाटलं त्या दिवशी. हजार फोन विकले असतील, पण विकल्याचा आनंद झाला असा तो एकच.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांत परभणीच्या डिस्ट्रिब्युटरचा फोन आला. "शेठ, त्या कंपनीचे डबे शोकेसमधून काढा. दिल्लीच्या कोर्टातून स्टे आलाय. कळवल्याशिवाय विकू नका."

माझ्याकडं दत्तरावाच्याच मॉडेलचे चार डबे होते. काउंटरखाली ठेवले आणि वर मान केली तर समोर चुडाव्याहून रेल्वेनं आलेला एक मामा. भाचीला नर्सिंगला ॲडमिशन मिळालेलं. तिला हाच फोन कबूल केलेला. नांदेडात मिळाला नाही, परभणीत मिळाला नाही, म्हणून सेलूला उतरलेला.

मी समजावलं. एका कंपनीनं शोध लावला, दुसरीनं न विचारता वापरला असं पहिलीचं म्हणणं, म्हणून केस.

मामा म्हणाला, "मग त्या दोघींनी भांडावं. माझ्या भाचीनं कुनाचं घोडं मारलंय?"

मी त्याला वेगळ्या कंपनीचा फोन दाखवला, तो घेऊन गेला, पण तोंड कडू करूनच.

गंमत पुढंच झाली. विक्री बंद आहे ही बातमी गावात फिरली आणि ज्यांनी जन्मात त्या कंपनीचं नाव घेतलं नव्हतं ते विचारायला यायला लागले. शिवाप्पांचा तर तोवर बटनाचा फोन. तेही काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "खाली हायेत म्हनं चार. एक मला ठेव."

"आप्पा, तुमाला कशाला?"

"कोर्टानं बंद केलाय म्हंजे मालात दम असनार."

* * *

पेटंट म्हणजे नक्की काय, हे वकीलसाहेबांनी एका दुपारी सगळ्यांना समजावून सांगितलं. शिवाप्पांनी मधे मधे प्रश्न विचारून त्यांचा घाम काढला.

"कल्पना ही सुद्धा मालमत्ता असते, आप्पा. शेतासारखी."

"शेताला सातबारा असतो."

"हिचीही नोंद होते. सरकारी रजिस्टरला."

"मग बांध? कल्पनेला बांध कुठं असतो?"

वकीलसाहेब म्हणाले, "भांडण तिथंच आहे. एक म्हणतो तू माझ्या हद्दीत आलास, दुसरा म्हणतो ही हद्दच तुझी नाही."

शिवाप्पांनी मान हलवली. "मग सरळ असं सांगा ना. दोघं भाऊ बांधावरून भांडतेत. तारखा चालतेत. दोघांचंबी पोट भरलेलं असतं. आन् त्या बांधावरून ज्याची पायवाट जाती, त्यो तिसराच चिखलातून फिरतो."

वकीलसाहेबांनी पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, "आप्पा, तुम्ही साखर-डाळीत फुकट गेलात."

* * *

काही आठवड्यांनी कोर्टानं अर्धी सूट दिली. एका जातीची चिप असलेले फोन विका, दुसऱ्या जातीची असेल तर नको. आता गिऱ्हाईकाला चिप कुठली कळायला! पण बातमी मोबाईलवरच आलेली, त्यामुळे प्रत्येक जण पहिला प्रश्न चिपचा विचारायचा.

बोरीचे एक गुरुजी हटूनच बसले. "मी बघितल्याशिवाय घेणार नाही."

रफिकभाईनं भंगारातला एक फोन उघडला, भिंग दिलं आणि चिमट्याचं टोक ठेवून दाखवलं. "ये देखो गुरुजी. येईच."

गुरुजींनी बराच वेळ बघितलं. "एवढीशी? आमच्याकडं बांधावरच्या बाभळीसाठी केस झाली, पण ती निदान लांबून तरी दिसत होती."

माझे चार डबे सूट मिळालेल्या चिपचेच निघाले. पहिला शिवाप्पांनी नेला.

* * *

आता माझी चूक सांगतो. माझ्या दुकानावर एक बोर्ड होता : 'येथे सर्व मोबाईल मोफत अपडेट करून मिळतील.' खेड्यात नेट हळू चालतं, अपडेट तिथं होत नाही. म्हणून फोन कशासाठीही हातात आला, काच बसवायला, कव्हर लावायला, की मी तो दुकानाच्या वायफायला जोडायचा आणि अपडेट मारून द्यायचा. विचारायचाही नाही. मला ती सेवा वाटायची.

दत्तराव काच बदलायला आला होता. मी सवयीनं अपडेट मारलं. नऊ सुधारणा झाल्या असं स्क्रीनवर आलं. त्यालाही बरं वाटलं, मलाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो दारात उभा. ऐन हंगाम, गेटवर गाड्यांची रांग, आणि हा दुकानात.

"बाळू, फोन उचलंना. कानाला लावलाय तरी वाजायलाच हाय. सकाळपासून सोळा फोन गेले."

रफिकभाईनं सगळ्या सेटिंगा पालथ्या घातल्या. ती सोयच गायब. मग नेटवर शोधलं. केस टाकणाऱ्या कंपनीचा दावा होता की कानाला लावून उचलायची ही रीत आमची आहे. केस लांबू नये म्हणून फोनवाल्या कंपनीनं अपडेटमधून ती गुपचूप काढून टाकली होती. नऊ सुधारणांच्या यादीत त्याचा एक शब्द नव्हता.

"जुन्यावर परत नेता येत न्हाई का?" मी विचारलं.

"पीछे का रास्ता उनोंने बंद कर दिया, मालक. आगे जाना, पीछे नक्को."

मला तोंड लपवावंसं वाटत होतं. दत्तराव फोन काउंटरवर ठेवून वाकला, वाजणारा सतरावा फोन नाकानं उचलला आणि बोलत बोलत निघून गेला.

* * *

कंपनीकडं तक्रार करायची असं ठरलं. कस्टमर केअरला फोन लावून स्पीकरवर टाकला. अर्धा तास गाणं ऐकल्यावर एक बाई बोलल्या. लय गोड बोलत होत्या. दत्तरावानं त्याच्या हिंदीत सगळं सांगितलं. हात, गेट, कापूस, सगळं.

बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "सर, आपकी बेहतर सुविधा के लिए वह फीचर हटा दिया गया है."

दत्तराव आमच्याकडं बघायला लागला. मग फोनकडं तोंड करून म्हणाला, "मॅडम, मेरी सुविधा मेरेकू पूछके करते तो अच्छा होता."

"जी सर. और कोई सहायता?"

"हौ. पूछके बोलो, मेरा नाक कब हटानेवाले."

बाईंनी तक्रार नंबर दिला. वकीलसाहेबांनी तो वहीत जपून लिहून ठेवला.

* * *

रफिकभाईनं एक तोड काढली. इअरफोन जोडलेला असला की फोन दोन सेकंदांत आपोआप उचलायचा, असं एक सेटिंग त्याला सापडलं. दत्तरावाच्या गळ्यात इअरफोन आला. दोन दिवस झकास चाललं.

तिसऱ्या दिवशी तो चहाच्या गाड्यावर एका ड्रायव्हरला समजावत होता. "त्या जिनिंगवाल्या शेठच्या गेटात गाडी घालू नको. मानूस गोड बोलतो, पन दुपारपातूर गाडी रिकामी करत न्हाई. ड्रायव्हर उपाशी मरंल तिथं."

इअरफोन कानातून निसटून शर्टावर लोंबत होता. फोन कधी आला, कधी उचलला गेला, त्याला पत्ताच नाही. बोलणं संपलं आणि छातीवरून बारीक आवाज आला, "दत्तराव, आज बाराच्या आत रिकामी करतो. पाठवा."

फोनवर तेच शेठ होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आणि खरंच पावणेबाराला गाडी रिकामी करून दिली.

मी म्हटलं, "हे तर लयच कामाचं निघालं."

दत्तरावानं इअरफोन काढून माझ्या हवाली केला. "आज शेठ होता. उद्या सासरा असंल. कुनाचा फोन घ्यायचा ते मी ठरवनार, फोनानं न्हाई."

* * *

मग वकीलसाहेबांच्या डोक्यात आलं की त्याच मॉडेलचा एक फोन गावात असा आहे, ज्याला कधीच अपडेट लागलेलं नाही. शिवाप्पांचा. अपडेटचं नाव काढलं की आप्पा म्हणायचे, "चालत्या गाडीला खीळ कशाला?" त्यांच्या फोनला वायफाय माहीतच नव्हतं.

आप्पांना विचारलं. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय फोनला हात न लावणारा माणूस, दिवसभर मात्र फोन पोटाशी धरून बसायचा. मला वाटलं खळखळ करतील. त्यांनी खिशातून काढला आणि काउंटरवर ठेवला. "घे. डाळीचा भाव सांगायला कुठलाबी फोन चालतो."

रिंग दिली, दत्तरावानं कानाला लावला, उचलला गेला. आम्ही सगळे हसायला लागलो. अदलाबदल करायची ठरली. यातलं सगळं त्यात, त्यातलं सगळं यात. निम्म्यावर आलं आणि लाईट गेली. दत्तरावाला गेटवर जायचं होतं. आप्पांचं दुकान उघडं होतं. मी म्हटलं, दोन्ही इथंच ठेवा, लाईट आली की मी बघतो, सकाळी घेऊन जा. दत्तरावाला तेवढ्यापुरता बटनाचा एक फोन दिला.

लाईट आल्यावर दोन्ही चार्जिंगला लावले. डेटा लवकर जावा म्हणून दोन्ही दुकानाच्या वायफायला जोडले.

सकाळी येऊन बघतो तर आप्पांच्या फोनवर सुंदर अक्षरांत लिहिलेलं : 'तुमचा फोन यशस्वीरीत्या अपडेट झाला आहे. नऊ सुधारणा.'

रफिकभाईनं आधी वायफायची पिन ओढली. मग म्हणाला, "मालक, तुमच्या वायफायला कुनाचं सुख बघवत न्हाई."

शिवाप्पा आले, त्यांना सांगितलं. ते स्टुलावर बसले. "बाळू," ते म्हणाले, "आधी त्यो बोर्ड काढ." मी शिडी लावून बोर्ड काढला.

* * *

हंगाम काही कुणाच्या केससाठी थांबत नाही. दत्तरावाचे फोन सुटत होते आणि दुसऱ्या गेटवरच्या माणसाला जात होते. मग एक दिवस सुमनवैनी, म्हणजे त्याची बायको, स्वतःहूनच डबा घेऊन गेटवर आल्या. एका खोक्यावर बसल्या आणि वाजलेला फोन उचलला.

दत्तराव दोन दिवस त्यांच्याकडं पाठ करून उभा होता. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

वैनी फोनवर नुसतं 'किती क्विंटल' विचारत नव्हत्या. कापूस ओला हाय का, वेचलेला कधीचा हाय, गाडीवर टाकायला ताडपत्री हाय का, सगळं विचारायच्या. चौथ्या दिवशी बोरीहून एका बाईचा फोन आला. दत्तराव नाकानं उचलून म्हणाला, "बोला."

तिकडून ती म्हणाली, "ताईला द्या."

महिन्याभरानं एका संध्याकाळी तो दुकानात आला. "बाळू, मागल्या साली ओल्या कापसापायी तीन गाड्या वापस गेल्या. औंदा ती बसल्यापासून एकबी न्हाई. ती आधीच इचारती."

"मग झालं की चांगलं."

"चांगलंच झालं." उठता उठता म्हणाला, "पन अपडेट कवा यायलंय ते बघत ऱ्हा."

त्याला आनंद झाला होता की वाईट वाटत होतं, मला काही कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

* * *

केस मिटली. वकीलसाहेबांनी पेपरात वाचून दाखवलं, दोन्ही कंपन्यांत समझोता झाला, अटी गुप्त ठेवल्या आहेत. पुढं पंधरा दिवसांत अपडेट आलं. रफिकभाईनं आधी शिवाप्पांच्या फोनवर मारून बघितलं. सोय परत आली होती. मी लगेच दत्तरावाला कळवलं.

बाजार उठल्यावर दोघंही आले. दत्तराव स्टुलावर बसला, वैनी त्याच्या शेजारी काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. या वेळी मी विचारलं, "करू का?"

"कर," दत्तराव म्हणाला.

टक्के सरकायला लागले. साठ-सत्तर टक्क्यांवर आल्यावर वैनी म्हणाल्या, "मग उद्यापासून मी घरीच बसू ना, भाऊजी?"

त्यांनी विचारलं मला, पण बघत होत्या दत्तरावाकडं. तो स्क्रीनकडं बघत होता. रफिकभाईनं उगंच एक स्क्रू उचलून डबीत टाकला.

फोन चालू झाला. दत्तराव उठून उभा राहिला. मी माझ्या फोनवरून त्याला रिंग दिली.

त्यानं दोन्ही तळव्यांत फोन धरला, वर उचलला आणि वैनींच्या कानाला लावला. रिंग थांबली.

वैनी त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हॅलो, कोण बोलायलंय? गाडी कुठून पाहिजे?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. फोन कानाला तसाच धरून मी म्हटलं, "बोरीहून, वैनी."